दाता कोण?

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात मी आवक-जावक लिहितो. पगार बँकेत येतो, म्हणून घरकर्जाला लायक ठरलो. भिवंडीत पाहिलेला चोवीस लाखांचा फ्लॅट पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये बसतो: पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज-अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. मोठी अट अशी, की देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं. संन्याशाचं व्रत इथे पात्रता होतं. गंमतच!

'अनुदान' या शब्दातच दान आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान म्हणजे परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. इथे दाता कोण? आमच्याकडे खोकी उतरवणारा हमाल मोबाइल रिचार्ज करताना, चपला घेताना जीएसटी भरतो. त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही. बँक त्याला दारात उभं करत नाही, मग व्याजाचं अनुदान कुठून मिळणार? योजनेत भाड्याच्या घरांचाही भाग आहे, तो त्याच्यासाठी असेल. पण माझ्या अनुदानात त्याचे पैसे आहेत आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. न विचारता घेतलेल्याला दान म्हणवत नाही मला. तरी अर्ज मी भरलाच.

मुद्रांक शुल्काचं वेगळंच. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. मी हिला म्हटलं, "घर तुझ्या एकटीच्या नावावर करू."

"चोवीस हजारांसाठी?"

"हो."

"आणि सूट नसती तर?"

"तर दोघांची नावं घातली असती," मी म्हटलं.