दुधारी



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. विषय, वाणीचं तप. भगवंत म्हणतात, बोलणं उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं असावं. जोडीला स्वाध्याय हवा.

मला यातलं 'सत्य' तेवढंच दिसायचं. "मी खरं बोलतो, कुणाला लागलं तर मी काय करू?" याचा अभिमानच होता म्हणा ना.

गेल्या वर्षी टीममधल्या एका नवीन मुलाचा कोड तपासताना मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "हा कॉलेजचा प्रोजेक्ट वाटतो." कोड खरंच कच्चा होता. तो काहीच बोलला नाही. महिन्याभराने माझीच एक चूक प्रॉडक्शनला गेली, रात्रभर जागलो. सकाळी तो हळूच म्हणाला, "दादा, मला ती चूक दिसली होती. पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

'दुधारी' हा शब्द मला त्या सकाळी कळला. "फायदाही आणि तोटाही" एवढ्याच अर्थाने आपण तो वापरतो. पण घरातली सुरी बघा. तिला एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला पाठ. पाठीवर बोट टेकवून बिनधास्त जोर देता येतो. दाढीच्या जुन्या ब्लेडला पाठच नसते. त्याने पेन्सिलीला टोक काढलंय त्यांना माहीत आहे, जोर पेन्सिलीवर दिला तरी कापतं आपलं बोट.

'दुतोंडी' शब्द वेगळा. इथे एक, तिथे एक बोलणाऱ्या माणसाचा तो दोष. मी दुतोंडी नाही, म्हणून निर्धास्त होतो. पण बोलणारा एकतोंडी असला तरी शब्द दुधारी असू शकतो.

मग गोड बोलून चूक झाकायची का? नाही. श्लोकातलं 'सत्य' कुठेही गेलेलं नाही. त्या मुलाला बाजूला घेऊन नेमकं कुठे चुकलं ते दाखवलं असतं, तरी सत्य तेवढंच राहिलं असतं. कमी झाला असता तो फक्त माझा तोरा.

मी त्याची माफी मागितली. त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर. सोपं नव्हतं.

आजचा अभ्यास: एखादा कडक मेसेज पाठवण्याआधी एकदा विचारा, यात समोरच्याचं हित किती आणि माझा तोरा किती?

राम कृष्ण हरी!