पाहुण्यांचं बाथरूम आणि पाहुणा कोण?

सांगलीतल्या आमच्या घरात पाच बाय चार फुटांची एक अडगळीची खोली होती. तिथे पाहुण्यांसाठी छोटं बाथरूम करायचं आईने ठरवलं आणि डिझाइनचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने मी फोनवर टाइल्सशिवाय काही बघितलं नाही.

एवढ्याशा जागेत काय करावं, हे आता मला पाठ आहे. भिंतीला टांगलेला कमोड घेतला की फरशी मोकळी राहते, पुसायलाही सोपी. भिंतीला फिक्या रंगाच्या मोठ्या टाइल्स लावल्या की सांधे कमी दिसतात. खाली मात्र खडबडीतच हव्यात, नाहीतर साताऱ्याची आजी घसरायची. दार बाहेर उघडायला हवं. आत कोणी चक्कर येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. आणि उतार नहाणी ट्रॅपकडेच हवा. हे शेवटचं गवंडीकाकांनी शिकवलं.

बाथरूम सुंदर झालं. पहिल्या आठवड्यात चार पाहुणे आले, नंतर महिनाभर कोणी नाही. रोज आत जायचं ते एकच माणूस: कामाच्या मावशी. पुसायला.

एप्रिलमध्ये एकदा मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. "नगं दादा, अजून तीन घरं हायती," म्हणाल्या. पाण्याचा आणि तीन घरांचा काय संबंध, मला कळेना. बहिणीने सांगितलं, "अरे, सकाळी सातला निघतात, दीडला घरी पोचतात. पाणी प्यायल्या तर जाणार कुठे?"

मी आईला विचारलं. ती दुखावली. "मी कधी त्यांना नाही म्हटलंय का?" खरंच म्हटलं नव्हतं. पण "हो"ही कोणी म्हटलं नव्हतं. सहा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या, आणि हा नकार एकदाही उच्चारावा लागला नव्हता.

त्यानंतर साताऱ्याला आजीकडे जाताना गाडी मसूर स्टेशनवरून गेली आणि शाळेत वाचलेलं काहीतरी आठवलं. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. शाळकरी भीमराव आंबेडकर साताऱ्याहून घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले होते. वडिलांची नोकरी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होती. मुलं मसूरला उतरली. जात कळताच स्टेशन मास्तरचा सूर बदलला, बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर मिळाली. सोबत डबा होता, पण वाटेत कुणी पाणी देईना, म्हणून रात्रभर भरलेला डबा तसाच राहिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय.

आमचं घर त्या रस्त्यावरच्या लोकांसारखं आहे, असं मला म्हणायचं नाही. आम्ही पाणी देतो, चहाही देतो. पण ते पाणी बिनधास्त पिता येण्याची सोय देत नाही. मग दिलेल्या ग्लासाला काय अर्थ?

"स्वच्छतेचा प्रश्न असतो रे," आई म्हणाली. मला ते पटत नाही. ज्या हातांनी घासलेल्या ताटात आपण जेवतो आणि जे हात आपला कमोड घासतात, त्यांच्यापासून कमोडला कसला धोका? शिवाय वर्षातून एकदा येणाऱ्या बाबांच्या मित्राच्या स्वच्छतेची चौकशी आपण करतो का?

मला वाटतं, खरी अडचण कडीची आहे. बाथरूममध्ये गेलेला माणूस आतून कडी लावतो. तेवढी पाच मिनिटं घरातली ती जागा त्याची असते. मालकालाही बाहेर थांबावं लागतं. ती पाच मिनिटं कुणाला द्यायची, हे आपण टाइल्स निवडण्याच्या कितीतरी आधी ठरवलेलं असतं.

कारखान्यात हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि शौचालय, दोन्ही बंधनकारक केली होती. म्हणजे कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातल्या बाईला जे कायद्याने मिळायला हवं, ते आमच्या घरात काम करणाऱ्या बाईला आमच्या चांगुलपणावर मिळणार. आणि चांगुलपणा मूडवर असतो.

बऱ्याच मोठ्या सोसायट्यांनी यावर उपाय काढलाय: खाली पार्किंगमध्ये कामवाल्यांसाठी वेगळं टॉयलेट. काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मान्य. पण महात्मा फुल्यांची आठवण येते. त्यांचं मूळ गाव कटगुण, हेही खटाव तालुक्यातलंच. १८६८ मध्ये त्यांनी पुण्यात अस्पृश्यांसाठी दुसरा हौद बांधला नाही, आपल्या घरचाच खुला केला. या दोन गोष्टींत जो फरक आहे, तोच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी मावशींना सांगितलं, "तुम्ही हे वापरत जा." त्या हसून "बरं" म्हणाल्या आणि वापरलं नाही. परवानगी देणाऱ्याच्या आवाजात मालक असतोच, हे मला तेव्हा कळलं. शिवाय मी पडलो मुलगा.

मग आईनेच एक दिवस त्यांना आत नेलं. "तुम्हाला इथे काय लागेल, सांगा," म्हणाली. मी दोन महिने डिझाइन केलेल्या त्या बाथरूममध्ये मावशींनी दोन मिनिटांत तीन चुका काढल्या. पिशवी अडकवायला हुक नाही. झाकणाची कचरापेटी नाही, बायकांना लागते. आणि कडी नीट बसत नाही, दार ढकललं की उघडतं.

तिन्ही कामं एका दुपारी झाली. खर्च त्या गोल आरशाच्या निम्म्याहूनही कमी.

आता मावशी बाथरूम वापरतात, कधीकधी. जाण्याआधी अजूनही विचारतात, "आत कुणी न्हाई न्हवं?" पाणीही घेतात. अर्धा ग्लास. पूर्ण अजून नाही.