‘न मम’ म्हणण्याचा अधिकार

घर बदलताना सामान कमी करावे, या सल्ल्यामागे बहुधा जागेचा हिशेब असतो. नवे घर लहान, म्हणून जुने सामान काढून टाकायचे. मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात हा हिशेब उलटा झाला आहे. 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास खात्याने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. यांपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे म्हाडाने हाती घेतलेल्या प्रकल्पात पात्र रहिवाशाला 500 चौरस फुटांची सदनिका मिळते, आणि वरळीतील पहिल्या 556 सदनिकांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये रहिवाशांच्या हाती आल्या. घर तिपटीने मोठे होत असतानाही माळ्यावरच्या वस्तूंचे काय करायचे हा पेच उरतोच, तेव्हा तो मुळात जागेचा पेच नव्हता, हे मान्य करावे लागते.

तो कशाचा आहे, हे तपासण्यासाठी पुढील संवाद कल्पिला आहे. त्यातील आत्या सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, माळकरी, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या आणि भावाच्या कुटुंबासह चाळीतील एकाच खोलीत आयुष्य काढलेल्या आहेत. भाची महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. सर्वसाधारण अपेक्षेच्या उलट, येथे वस्तू काढून टाकण्याचा आग्रह आत्यांचा आहे आणि त्या ठेवण्याचा आग्रह भाचीचा. माळ्यावरून उतरवलेल्या वस्तूंपैकी तीन वादात आहेत: आजोबांच्या गिरणीतील कागदांची पत्र्याची ट्रंक, जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या, आणि आजीची पितळी कळशी. कळशीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आजीचे माहेरचे नाव आहे आणि त्याखाली ‘मामाकडून’ एवढाच शब्द. पोटाला एका बाजूने पोचा पडलेला आहे आणि आतली कल्हई, म्हणजे पितळेवर चढवलेला कथिलाचा थर, जागोजागी उडालेली आहे. एका चाळीत ऐंशी खोल्या असल्याने बारशाला आणि लग्नाला भांडी या दारातून त्या दारात जात, आणि ती ज्याची त्याला परत मिळावीत म्हणूनही नाव घातलेले उपयोगी पडे. तेव्हा हे नाव मालकीचे होते तसेच ते उसनवारीच्या भरवशाचेही होते.

आत्यांची भूमिका स्पष्ट होती. “इतकी वर्षे हे सगळे डोक्यावर घेऊन झोपलो, आता नव्या घरात तरी मोकळ्या हातांनी जाऊ दे. कळशी मोडीत द्यावी, गोधड्या कोणाला हव्या असतील तर द्याव्यात, आणि कागद रद्दीत घालावेत. अपरिग्रह म्हणतात तो हाच ना?” अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे वस्तूंचा संचय न करणे, पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे, जैनांच्या महाव्रतांत तो आहे आणि गांधीजींच्या एकादश व्रतांतही आहे.

भाचीने या शब्दाच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केलेली नसून ‘मूर्च्छा’ या शब्दाने केलेली आहे, आणि मूर्च्छा म्हणजे वस्तूत गुंतलेले, त्यामुळे स्वतःचे भान हरपलेले मन. “म्हणून आत्या, माळा रिकामा झाला म्हणजे अपरिग्रह साधला असे होत नाही. शिवाय पतंजली म्हणतो की अपरिग्रह स्थिर झालेल्याला आपल्या जन्मांचे ज्ञान होते, आपण कोण होतो आणि कसे होतो हे त्याला कळते. ज्या व्रताचे फळ ओळख हे आहे, ते व्रत विसरण्यासाठी कसे वापरायचे?” विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1890 च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात माणसाचा ‘स्व’ हा त्याच्या शरीरापाशी संपत नाही, ज्या ज्या गोष्टींना तो ‘माझे’ म्हणू शकतो तेथपर्यंत तो पसरलेला असतो, असे मांडले आहे, भाचीच्या मते कळशी विकणे म्हणजे त्या पसरलेल्या ‘स्व’चा एक तुकडा वजनावर विकणे होय.

आत्यांनी यावर जे विचारले ते या संवादातील सर्वांत वजनदार वाक्य आहे. “कळशी घासली कोणी?” दरवर्षी दिवाळीच्या आधी ती माळ्यावरून काढायची, चिंच-मीठ लावून घासायची, पुसून पुन्हा जुन्या साडीत गुंडाळून वर ठेवायची, हे काम गेली तीस वर्षे आत्यांनी केले, भाचीने तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि तिचा फोटो काढला. स्मृती जपण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात हा श्रम क्वचितच मोजला जातो. घरातील वारसा कोणीतरी पुसतो, उन्हात घालतो, वाळवी लागली का पाहतो, आणि आपल्याकडे हा ‘कोणीतरी’ जवळजवळ नेहमी घरातील बाई असते. एकाने आठवणीचा आनंद घ्यावा आणि दुसऱ्याने तिचे ओझे वाहावे, ही वाटणी न्याय्य नाही. ज्याला वस्तू ठेवायची आहे त्याने ती सांभाळायचे काम अंगावर घेतले पाहिजे. हे न करता केलेला जतनाचा आग्रह भावनेच्या नावाखाली केलेली वेठबिगारी ठरतो. भाची काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने हे मान्य केले.

मात्र तिने एक तडजोड सुचवली: भंगारात घालण्यापेक्षा सगळे एखाद्या आश्रमाला देऊन टाकावे. येथे आत्यांनीच तिला कठोपनिषदातील नचिकेत्याच्या कथेची आठवण करून दिली. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व देतो, पण ज्या गाई दक्षिणा म्हणून देतो त्यांचे शेवटचे पाणी पिऊन झालेले, शेवटचे गवत खाऊन झालेले, दूध आटलेले असते. ते पाहून मुलाला राहवत नाही आणि तो बापाला विचारतो की मला कोणाला देणार. “उसवलेल्या गोधड्या आश्रमात नेऊन टाकायच्या आणि पुण्य पदरी पाडायचे, यात आणि त्या गाईंत फरक काय?” घर आवरताना होणाऱ्या दानांपैकी किती तरी दाने या जातीची असतात, हे कटू असले तरी खरे आहे, देणाऱ्याची अडगळ घेणाऱ्याच्या दारात जाते आणि तिची विल्हेवाट लावण्याचे काम त्याच्या माथी येते.

या ठिकाणी शास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते यागात देवतेला उद्देशून द्रव्यावरचे आपले स्वत्व सोडायचे असते, आणि ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नाही’, हे शब्द त्या सोडण्याचे आहेत. दानात मात्र आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करावे लागते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत घेणाऱ्याचा स्वीकारही आवश्यक मानला आहे, आणि तो मनाने, वाणीने व शरीराने असा तिन्ही प्रकारे सांगितला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 122 व्या कलमातही घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय देणगी पूर्ण होत नाही. यावरून आत्यांचा आक्षेप भक्कम ठरतो, कारण ज्याला वस्तू हवी आहे असा माणूस समोर नसेल तर ते दान नव्हे.

परंतु याच भेदाने आत्यांच्या मूळ भूमिकेलाही छेद जातो, आणि भाचीने तो नेमका पकडला. “‘न मम’ म्हणायला ती आधी ‘मम’ असावी लागते. कळशी आजीची. ती तुझी एकटीची कुठे आहे, आत्या?” लग्नात मामाने दिलेली कळशी हे आजीचे स्त्रीधन, म्हणजे विवाहादी प्रसंगी स्त्रीला मिळालेली आणि तिच्या स्वतःच्या मालकीची संपत्ती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर स्त्रीच्या संपत्तीचे पहिले वारस तिचे मुलगे, मुली आणि पती हे असतात. म्हणजे कळशीवर आत्यांचा, भाचीच्या वडिलांचा आणि गावी राहणाऱ्या धाकट्या काकांचा सारखाच हक्क आहे, आणि पितळेच्या भावाने तो अगदी किरकोळ असला तरी तो नाही असे होत नाही. जे सर्वांचे आहे त्याचा त्याग एकाने केला, तर त्याग करणाऱ्याचे वैराग्य कितीही खरे असो, इतरांच्या बाबतीत ते हिरावून घेणेच होते.

ट्रंकेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. 1982 च्या संपानंतर गिरणी कामगारांसाठी जी घरांची योजना आली, तिच्यात 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो, आणि ज्यांनी तिकीट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी वा ईएसआय कार्ड रद्दी समजून टाकले त्यांना किंवा त्यांच्या वारसांना तो गोळा करताना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले. कागदाचे मोल तो ठेवणाऱ्याला माहीत नसते. ते पुढे कोणी विचारले म्हणजे कळते. आत्यांनी ट्रंक स्वतःच बाजूला काढून ठेवली.

गोधड्यांपैकी एक उसवून तिच्यातील धड कापडाच्या पुसण्या करायच्या ठरल्या, दुसरी भाचीने घेतली आणि ती धुण्याची जबाबदारीही घेतली. कळशीचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो न होणे हेच योग्य होते, कारण तो निर्णय घेण्याचा अधिकार असलेला तिसरा माणूस त्या खोलीत नव्हता. काकांनी कळशी मागितली तर ती त्यांना द्यावी. नको म्हटले आणि भाची घासायला तयार असेल तर तिला द्यावी. कोणालाच नको असेल तर मोडीत द्यावी आणि भाचीने तिचे दुःख करू नये.

घर बदलणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती, की माळ्यावरची एखादी नाव घातलेली वस्तू वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वी, जिचे ते नाव आहे तिच्या सगळ्या मुलामुलींना एकदा फोन करून विचारावे.