फाटलेले पर आणि स्वच्छ पाणी



पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावरची एक गोष्ट आपण घाईत वाचून पुढे जातो. परमेश्वराचा पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी पाण्यातील जिवांना आणि आकाशातील पाखरांना मिळाला (उत्पत्ती १:२२). माणूस आला सहाव्या दिवशी. म्हणजे आपल्या घरातील काचेच्या टाकीत फिरणारा मासा हा आपल्याआधी आशीर्वाद मिळालेला जीव आहे.

हल्ली मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत 'फायटर' मासा येतो. त्याचे नाव बेट्टा. तो मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतील उथळ, संथ पाण्यात राहणारा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. हा मासा पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार त्याला लहानशा बरणीत ठेवतात आणि आपणही घरी तेच करतो. तो तग धरतो, पण तग धरणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. काही दिवसांनी त्याचे रेशमासारखे पर फाटलेले दिसतात, कडा काळपट किंवा पांढुरक्या होऊन झिजू लागतात. मग मूल रडवेले होऊन विचारते, "आई, हा मरणार का?"

बहुधा मरणार नाही; पण उपाय कुठे करायचा हे कळले पाहिजे. परांना टाका घालता येत नाही, मलम लावता येत नाही. आधी कारण शोधावे लागते. टाकीत प्लास्टिकचे टोकदार झाड आहे का? सोबतचा मासा त्याला चावतो का? की उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया साठला आहे? टोकदार वस्तू काढाव्यात, चावणारा सोबती वेगळा करावा. दररोज किंवा एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन थेंब टाकून आधी घालवावा. सगळे पाणी एकदम फेकून टाकी घासू नये, कारण अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणूही त्यात जातात. पाणी साधारण २५ ते २७ अंश उबदार असावे. खाणे थोडेच घालावे. आपल्या अंगणातल्या देशी बदामाचे वाळलेले स्वच्छ पान पाण्यात सोडावे. बेट्टा पाळणारे ते पूर्वीपासून वापरतात. आणि आरसा दाखवून त्याला फुलवण्याचा खेळ बंद करावा, कारण आरशातल्या स्वतःलाच शत्रू समजून तो झुंजत राहतो व थकतो. एवढे करूनही झीज अंगापर्यंत सरकू लागली, तर जाणकाराला विचारून औषध द्यावे.

मग वाट पाहायची. काही आठवड्यांनी फाटलेल्या कडेला पातळ, काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसते. तोच नवा पर. रंग त्यात मागाहून भरतो.

संत पौल करिंथच्या भाविकांना हेच शिकवतो: एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढ देणारा देव आहे (१ करिंथ ३:६-७). आपल्या हाती पाणी आहे. पर देवाच्या हाती आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही फाटलेले पर आहेत. बारावीत नापास झालेला मुलगा, सासरचा जाच सोसून माहेरी परतलेली लेक, दारू सोडण्यासाठी धडपडणारा बाप. आपण काय करतो? जखमेवरच बोट ठेवतो. "मी तुला सांगितलं होतं!" शेजारच्या मुलाशी तुलना करतो, जेवताना जुने विषय काढतो, त्याची चूक त्याला दररोज आरशासारखी दाखवतो आणि मग म्हणतो, "हा काही सुधारत नाही." अहो, पाणी बदलले का आपण? घरातला आवाज बदलला का? टोकदार शब्द उचलून बाजूला ठेवले का? चावणाऱ्या नातलगाला प्रेमाने पण ठामपणे थांबवले का?

प्रभू येशूने दमलेल्या शिष्यांना आधी निवांत जागी नेऊन विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६:३१). चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला वाटेवर उपदेश केला नाही; तेल, द्राक्षारस, पट्टी आणि सुरक्षित निवारा दिला, पुन्हा येण्याचे वचनही दिले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मुलांना सांगावी. पर मुळापासून गेला असेल, तर तो कधी पूर्वीसारखा येत नाही. तरीही मासा पोहतो. आपल्या पुनरुत्थित प्रभूच्या अंगावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्याच होत्या. थोमाने त्या पाहिल्या. खूण राहिली म्हणजे बरे झाले नाही, असे नाही.

या आठवड्यात दोन कामे करू या. घरी मासा असेल, तर त्याची टाकी मुलांसोबत साफ करू आणि त्यांना सांगू की मुक्या जिवाची काळजी घेणे हेही नीतिमान माणसाचे लक्षण आहे (नीतिसूत्रे १२:१०). आणि घरातील ज्या माणसाचे मन फाटले आहे, त्याच्याशी सात दिवस त्याच्या चुकीबद्दल एक शब्दही न काढता बोलू. जमले नाही, तर कुमसारीला जाऊन पुन्हा सुरुवात करू. देव आपलेही पाणी असेच पुन्हा पुन्हा बदलत आला आहे.

हे प्रभो, आमच्या घरातील जखमी जिवांना वाढ तू दे, आणि त्यांच्याभोवतीचे पाणी स्वच्छ ठेवण्याची सुबुद्धी आम्हांला दे. आमेन.