ताईच्या साठीला, पाण्याच्या कडेने

आधी जरा सैल बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. आपल्या भावंडांपैकी एकाला मनात बोलवा, थोरलं असेल तर उत्तम. चेहरा लगेच आला नाही तरी घाई नको. बहुतेकदा आधी आवाज येतो, मग हात आणि चेहरा सगळ्यात शेवटी. मी माझ्या ताईला बोलावते. ती 1966 च्या चैत्रातली. यंदाच्या चैत्रात तिला साठ पूर्ण झाली, तेव्हा आम्ही दोघी जपानमध्ये, क्योतोत होतो.

क्योतोच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक अरुंद कालवा आहे. बिवा सरोवराचं पाणी त्यातून शहरात येतं. कालव्याच्या कडेने साधारण दोन किलोमीटरची पायवाट जाते. तत्त्वज्ञ निशिदा कितारो विचार करत इथून फिरत, म्हणून तिला तत्त्वज्ञाची वाट म्हणतात. चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु आणि त्यांच्या पत्नी योने यांनी 1921 मध्ये इथे लावायला चेरीची झाडं दिली. त्यांतली बहुतेक आता नाहीत, त्यांच्या जागी पुढची लावली आहेत आणि तीही वयाला आली आहेत.

तुमच्या माणसाला या वाटेवर घ्या. पाण्याकडची बाजू त्यांना द्या. इतकी वर्षं ते पुढे चालत होते आणि तुम्ही मागून धावत होतात. आज फक्त त्यांच्या चालीने चाला. ते थांबले की थांबा. कशासाठी थांबले, हे विचारू नका. ताई थांबायची ती पाण्यासाठी. पाकळ्या पडून पडून कालव्यावर गुलाबी साय धरली होती आणि ती सबंध सायच हळूहळू पुढे सरकत होती. क्योतोच्या नद्या दक्षिणेकडे वाहतात, हे पाणी मात्र उत्तरेकडे जातं. माणसांनी हिशेबाने उतार देऊन त्याला ती दिशा दिली आहे.

आता साठ हा आकडा मनात धरा.

जपानच्या जुन्या कालगणनेत दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या लावत वर्षं मोजतात. साठ वर्षांनी तीच जोडी पुन्हा येते. म्हणून साठीला माणूस आपल्या जन्मवर्षात परत आला, असं मानतात आणि त्याला लाल, बिनबाह्यांचा जाड अंगरखा आणि लाल टोपी घालतात. लाल हा तिकडे बाळाचा रंग, इडापिडा दूर ठेवणारा. आपल्याकडेही प्रभवापासून क्षयापर्यंत साठच संवत्सरं. गुरूच्या बारा-बारा वर्षांच्या पाच फेऱ्या झाल्या की नावं पुन्हा पहिल्यापासून सुरू. ताई जन्मली तेव्हा शके 1888 होतं, पराभव नाम संवत्सर. आताचं शके 1948, पुन्हा पराभवच. तिकडच्या चक्रात 1966 आणि 2026 ही दोन्ही वर्षं अग्निअश्वाची.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

अग्निअश्वाच्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य खाते, असा जपानमध्ये जुना समज. एदोमधल्या ओशिची नावाच्या एका भाजीवाल्याच्या मुलीशी तो जोडतात. प्रियकराची पुन्हा भेट व्हावी म्हणून तिने आग लावली, अशी तिची कथा. सगळं शहर लाकडी, तिथे याहून मोठा गुन्हा नव्हता. 1683 मध्ये तिला जिवंत जाळण्यात आलं. तिचा जन्म 1666 चा, म्हणजे अग्निअश्वाच्या वर्षातला, असं लोक सांगत आले. त्यानंतर तीनशे वर्षांनी, कारखाने आणि बुलेट ट्रेन असलेल्या जपानमध्ये काय झालं पाहा. 1965 मध्ये तिथे सुमारे 18 लाख 20 हजार मुलं जन्मली, 1966 मध्ये सुमारे 13 लाख 60 हजार आणि 1967 मध्ये पुन्हा 19 लाखांच्या वर. जोडप्यांनी ते एक वर्ष टाळलं, कारण मुलगी झाली तर काय, ही भीती.

एक श्वास घ्या. त्या वर्षीही ज्या मुली जन्मल्या, त्यांना आठवा. त्यांच्या आयांनी तो समज ऐकलाच असणार, आणि तरीही त्यांना वाढवलं. त्या मुली यंदा साठीच्या होताहेत. वाटेवर समोरून त्या वयाची एखादी बाई आली की मी तिच्याकडे नीट पाहायचे आणि मग ताईकडे.

आपण काही वेगळे नाही. मूळ नक्षत्र, मंगळ, वरचेवर मुलीच होणं, आपल्याकडेही मुलीच्या माथी मारायला काही ना काही असतंच. साताऱ्यात 2011 साली ‘नकोशी’ नावाच्या 250 हून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली, म्हणजे तोवर त्या त्याच नावाने हाकेला ओ देत होत्या. साठीचंही तेच. आपली साठीशांत बहुधा पुरुषाच्या वयावर होते. बायको शेजारी पाटावर बसते, हाताला हात लावते. तिची स्वतःची साठी चारचौघांत मोजलीच जात नाही. माझ्या मते ही चूक आहे आणि ती सुधारायला कुठल्या शास्त्राची परवानगी लागत नाही.

आम्ही उतरलो होतो ते घर जुनं, लाकडी, खाली चटया. मालकीणबाईंना वाढदिवस साठावा आहे हे कळलं तशा त्या लाल अंगरखा घेऊन आल्या. आत कापूस भरलेला, शिवण हातची. ताईने तो साडीवर घातला आणि दोन्ही हातांनी पुढून सारखा केला, लहानपणी माझा शाळेचा फ्रॉक सारखा करायची अगदी तसाच. मी घरून कुंकू, अक्षता, सुपारी नेली होती. लाकडी घरात ज्योत नको म्हणून निरांजन लावलं नाही. सुपारी आणि तिचीच अंगठी घेऊन औक्षण केलं. ती पूर्वेला तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मला जन्मल्यापासून ताई आहे. ताई नसलेलं जग मी पाहिलेलंच नाही. तिने मात्र माझ्याशिवायचं जग पाहिलंय, आणि मी आल्यावर त्यात मला जागा करून दिली.

तुमच्या मनातल्या माणसाकडे आता असंच बघा. त्यांनी तुमच्यासाठी काय केलं, याची यादी करू नका. नुसतं बघा. केस कुठे पांढरे झालेत, बोलताना मान कुठे वळते.

आणि वय मनाला लागलंच, तर चेरीचं एवढं ध्यानात ठेवा. सगळीकडे दिसणारी सोमेई योशिनो जातीची चेरी साठेक वर्षंच जगते, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. उत्तरेला आओमोरी हा सफरचंदांचा मुलूख. तिथल्या हिरोसाकीच्या किल्ल्याच्या बागेतल्या माळ्यांनी सफरचंदाची छाटणी चेरीवर वापरली. जुनं लाकूड काढलं, मुळांना खत घातलं. त्या बागेत 1882 साली लावलेलं झाड अजून फुलतं.

आता डोळे उघडा, आणि बहिणीला फोन करा. तिची खरी जन्मतारीख विचारा. शाळेच्या दाखल्यावरची 1 जून नको, खरी. साठी जवळ आली असेल तर जपानच हवं असं नाही, पण त्या दिवशी पाटावर तिला एकटीलाच बसवा.