त्यांना सांगू नका

“त्यांना सांगू नका,” हे वाक्य आपल्याकडे दुखणाइताच्या उशाशी जितक्या मायेने बोलले जाते, तितक्या मायेने दुसरे क्वचितच बोलले जात असेल. माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा शिरूरच्या आमच्या घरात तिचे नाव ‘सूज’ असे ठरले. शिरूरला रेल्वे नाही. मुंबईला जायचे ते दौंडहून, बहिणीकडे मुक्काम करून. घोडनदीचे पाणी भीमेला मिळून दौंडला जाते, तशी ही सूजही माझ्याआधी तिथे पोहोचली होती.

खरे बोलली ती रेल्वे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला शयनयानाचे भाडे माफ असते, सोबत्याला पाऊण सवलत. परळच्या टाटा रुग्णालयाचा दाखला भाच्याने दौंडच्या खिडकीवर सरकवला. “कॅन्सर पेशंट कोण?” कारकुनाने विचारले. भाचा माझ्याकडे पाहीना. मी म्हटले, “मी.”

रोगाचे नाव कळल्याने माणूस खचतो, असे म्हणतात. खचतोही. पण नाव लपवल्याने तो खचत नाही, हे कोणी ठरवले? आतड्यातला बारीक कोंब वर्षानुवर्षे वाढून हा रोग होतो. लवकर सापडला तर नुसत्या शस्त्रक्रियेनेही पुष्कळांचा निभाव लागतो. कुजबुज ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, तो थेट स्मशानापर्यंत जाऊन येतो! शिवाय काही रुग्णांच्या पोटाला छिद्र ठेवून मळासाठी पिशवी लावावी लागते. त्याला होकार ज्याचे पोट त्यानेच द्यायचा. आणि नुसत्या सुजेसाठी असा होकार कोण शहाणा देईल?

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावचे कर्करोगी तिथे उतरतात. “गाव कोणते?” च्या पाठोपाठ शेजारी विचारतो, “कुठला?” म्हणजे घशाचा की पोटाचा. त्या दोन शब्दांच्या प्रश्नोत्तरांत मला जो मोकळेपणा वाटला, तो सख्ख्या माणसांत वाटला नव्हता. बिचारी ती तरी काय करणार? माझ्यासमोर हसायचे आणि मोरीत जाऊन रडायचे, हा दुहेरी संसार त्यांनाही जड जात होताच.

ऐंशी उलटलेल्या माझ्या आईला मात्र अजून सूजच ठाऊक आहे. ती विचारीत नाही. विचारील त्या दिवशी सांगेन. तिच्याआधी मी तोंड उघडणार नाही.

सलाइनमधून मिळणाऱ्या औषधाने सध्या गार पाण्याला हात लावला की बोटांत सुया टोचतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे बायकोने बंबातले कढत पाणी काढले आणि विसणाचा तांब्या माझ्या हातून काढून घेतला. “अहो, गार मी घालते. कॅन्सरचं औषध चालू आहे ना तुम्हांला,” ती म्हणाली, आणि उटण्याची वाटी आणायला आत गेली.