होडीची चकाकी

फायबरची होडी लाकडासारखी कुजत नाही, पण उन्हाने तिचा रंग मरतो. वरचा जेलकोट पांढुरका पडतो, हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. आमची विकायची ठरली तेव्हा मी ती पुळणीवर उपडी घातली, गोड्या पाण्याने धुतली. मग पाणी मारत ६०० नंबरचा पॉलिशपेपर, त्यावर १०००चा. नंतर रबिंग कंपाउंड, शेवटी वॅक्स. हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. जोर केला की खालचं फायबर उघडं पडतं.

तळाशी केसाएवढी चीर होती. वॅक्सने ती दिसेनाशी झाली. मला बरंच वाटलं, कबूल करतो. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपण कुठे खोटं बोललो?

बाबांनी बोटाने चाचपून ती शोधली. "तेका दर्यात जावचा आसा," एवढंच बोलले.

चकाकी देणं म्हणजे फसवणं नव्हे, होडीला अंघोळ घालण्यासारखंच ते. पण गप्प राहणं? रात्रभर उत्तर सुचेना. सकाळी रॉकेलने तिथलं वॅक्स पुसलं आणि चिरेभोवती खडूने गोल काढला. गिऱ्हाइकाने पाच हजार कमी केले. ते मला आजही टोचतात.